नागसेन हे नाव

आपल्याकडं ‘नाव काय?’ हा प्रश्न नावासाठी कुणी विचारत नाही. खोली भाड्यानं बघायला जा, कामाला लागायला जा, एस्टीत शेजारच्याशी दोन शब्द बोल. पहिलं नाव सांगितलं की लगेच ‘पूर्ण नाव?’ पूर्ण नावानं भागलं नाही की ‘गाव कुठलं?’ गावानंही भागलं नाही तर ‘गावात कुठल्या बाजूला?’ माणसाच्या जातीला हात लागेपर्यंत ही चौकशी थांबत नाही. आडनावं फसवी. पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही कैक जातींत सापडतात. त्यामुळं विचारणाऱ्याला जरा खटपट करावी लागते.

माझ्या बाबतीत त्याची खटपट वाचते. माझं नाव नागसेन. आडनावाचं काम माझं पहिलंच नाव करतं. समोरचा ‘असं असं’ म्हणतो नि दुसरा विषय काढतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दहावीला शाळा सुटली. त्यानंतर जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या पथाऱ्या लागतात. तिथनं मिलिंद प्रश्नाचं मराठी पुस्तक आणलं. तीन वर्षं झाली, अजून वाचतोय. त्यातनं नि इकडनं तिकडनं माझ्या नावाबद्दल जे हाती लागलं ते दोस्तांपुढं मांडतो. मांडायची निकड अशी की दोन महिन्यांनी आमच्या घरात पाळणा हलणार आहे नि नावाचा वाद आत्तापासूनच पेटलाय. बायको म्हणते, ‘तुमच्यासारखं नाव नको.’ तिचं म्हणणं पुढं सांगतो. आधी नाव.

नाग म्हणजे साप, हे शेंबडं पोरगं सांगेल. आमच्या सांगली जिल्ह्यात शिराळ्याची नागपंचमी गाजलेली. त्या दिवशी गिरणीत मला ‘नागोबा, दूध घेणार का?’ हे ठरलेलं. पण पालीत नाग म्हणजे हत्तीसुद्धा. आणि थोर, निर्भय माणसालाही नाग म्हणतात. बुद्धाला नि अर्हतांना पाली ग्रंथांत नाग म्हटलेलं आहे. ‘सेन’ म्हणजे सेना असलेला. शूरसेन, वीरसेन ही त्याच घडणीची नावं. नागसेनाची कथा चिनी भाषेतही फार जुन्या काळी गेली. तिथं नावाचं कारण असं दिलंय की हे मूल जन्मलं त्याच दिवशी घरात हत्तीचंही पिल्लू जन्मलं, म्हणून पोराला हत्तीचं नाव पडलं. गिरणीतल्या दोस्तांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, हत्ती कुठला, तू तर काडी. वजन एक्कावन्न किलो. बरोबर आहे त्यांचं.

‘नाग’ शब्दाशी आपलं आणखी एक नातं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार ज्यांनी केला ते नाग लोक, ही त्यांची भूमी, असं ते म्हणाले. म्हणजे ज्या शब्दावरनं मला दूध पाजायला निघतात, त्या शब्दावर बाबासाहेबांनी लाखो माणसं उभी केली.

आता हा नागसेन कोण? पुस्तक सांगतं की तो कजंगल नावाच्या गावात सोणुत्तर नावाच्या ब्राह्मणाच्या घरी जन्मला. लहानपणीच वेद शिकला. शिकून झाल्यावर त्याला त्यात सार दिसेना. रोहण नावाच्या भिक्षूमागं घर सोडून गेला नि पुढं पाटलीपुत्राच्या अशोकारामात धम्म शिकला.

थांबा इथं जरा. ज्या नावावरनं आज मला खोली नाकारली जाते ते नाव ब्राह्मणाच्या पोराचं होतं. नाव तेच, अक्षरं तीच. मग वास कुठनं आला? नावातनं नाही आला. आम्ही ते घेतलं म्हणून आला. आम्ही विहिरीला हात लावला की पाणी बाटायचं, तसं आम्ही हात लावला नि नाव बाटलं.

नागसेनाशी वाद घालणारा राजा मिलिंद. हा ग्रीक. त्याचं मूळ नाव मिनँडर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर त्याचं राज्य होतं, राजधानी सागल. सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट असं मानतात. त्याची नाणी सापडलीत. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. मिनँडरचा पालीत मिलिंद झाला. राजा वादपटू. एकेका पंडिताला गाठायचा नि गप्प करायचा. शेवटी नागसेनाकडं आला.

आणि दोस्तांनो, राजाचा पहिला प्रश्न कुठला? ‘तुमचं नाव काय?’

नागसेन म्हणाला, मला नागसेन म्हणतात. आईबाप असलं काहीतरी नाव ठेवतात. पण ती हाक मारायची सोय आहे, त्या नावामागं आत कुणी कायमचा बसलेला नाही. राजा चिडला. आत कुणी नाही, तर मग ही चीवरं कुणाला देतात, पुण्य-पाप कोण करतं? केस म्हणजे नागसेन का? नखं, दात, कातडी? वेदना, संज्ञा? नागसेन प्रत्येकाला नाही म्हणाला. मग त्यानं उलटा प्रश्न केला. महाराज, पायी आलात का वाहनातनं? राजा म्हणाला, रथातनं. मग रथ म्हणजे काय? दांडी रथ आहे का? आस? चाकं? जू? राजाही प्रत्येकाला नाहीच म्हणत गेला. शेवटी त्याला कबूल करावं लागलं, की या सगळ्यांच्या मेळाला ‘रथ’ म्हणतात, रथ हे नुसतं नाव.

हे मी पहिल्यांदा रात्रपाळीच्या सुट्टीत वाचलं नि समोर रिंग फ्रेमकडं बघत बसलो. चाती म्हणजे फ्रेम का? बॉबिन? वरचे रूळ? मोटार? नाही. आणि मी जे सूत काढतो त्याची तर आणखी गंमत. त्यात एकही तंतू सूतभर लांब नसतो. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा. एक संपायच्या आत दुसरा त्याला धरतो. पीळ आहे म्हणून सूत. सियालकोटच्या राजापासनं माझ्या रेशनकार्डापर्यंत हे नाव आलं ते असंच. कुणी अख्खं आणलेलं नाही. हातभर हातभर धरत आणलंय.

आमच्या घरात ते कसं आलं ते सांगतो.

माझ्या आज्याचं नाव केरू. केर म्हणजे घर झाडून निघतो तो. त्याच्या आधीची तीन भावंडं दगावली होती. चौथा हा झाला तेव्हा त्याला केराच्या ढिगावर ठेवलं नि तिथनं उचललं. हेतू असा की मरणाला वाटावं, हा केर आहे, ह्याला नेऊन काय करू? अशी नावं इतर जातींतही होती. केरबा, दगडू, धोंडू, भिकू. आईची माया सगळीकडं सारखी भ्यालेली. पण त्यांचा केरबा मोठेपणी केरबा पाटील व्हायचा, केरबानाना व्हायचा. आमचा केरू म्हातारा झाला तरी चावडीवर ‘केऱ्या’. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलंय. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं नि शूद्राचं किळस यावी असं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं, त्यात असल्या नावांचा कायदाही जळला.

आजा १९६० च्या सुमाराला मुंबईत गिरणीत लागला. रिंग खात्यातच. त्याच्या आधीच्या पिढीला साळखात्याचं दार बंद होतं. तिथं पगार जास्त, पण कांडी बदलली की धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, हा सवर्ण कामगारांचा सवाल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण धोटा वेगळा. नाव विचारा, जात कळेल. जात कळली की खातं ठरलं.

आज्याच्या चाळीत औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकणारा एक पोरगा सुट्टीला यायचा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये काढलेलं ते कॉलेज. ज्या आवारात आहे त्याचं नाव नागसेनवन. आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, नागसेनवन नागसेनवनच आहे. त्या पोरानं चाळीच्या जिन्यात बसून आज्याला नि त्याच्या सोबत्यांना राजा नि भिक्षूची गोष्ट सांगितली. आजा निरक्षर. पण गोष्ट त्यानं धरून ठेवली. १९७४ ला माझा बा जन्मला तेव्हा केरूनं पोराचं नाव ठेवलं मिलिंद. केराच्या पोटी राजा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कैक परत आत गेलेच नाहीत. आजा त्यातलाच. गावाला आला, दुसऱ्याच्या बांधावर राबला. बा गवंड्याच्या हाताखाली गेला. सन २००० मध्ये मी झालो तेव्हा आजा खाटेवर होता. त्यानंच नाव सांगितलं. म्हणाला, ‘राजा झाला घरात. आता राजाला जबाब देणारा पायजे.’

म्हणजे आमच्या घराचा इतिहास तीन नावांचा. केरू, मिलिंद, नागसेन. जमिनीचा सातबारा आमच्याकडं नाही. हाच आमचा सातबारा.

आता प्रसिद्धीचं बघू. पुस्तकात दोघं एकत्र आहेत. कॉलेज एकाचं, वन दुसऱ्याचं. पण महाराष्ट्रात मिलिंद सगळ्यांचा झाला. मराठ्यांत मिलिंद, ब्राह्मणांत मिलिंद, सिनेमात मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी. माझ्या बाला नावावरनं कुणी ओळखत नाही, आडनावाला जावं लागतं. नागसेन मात्र वस्ती सोडून गेला नाही. विहाराच्या वर्गणीच्या यादीत दिसेल, जयंतीच्या फलकावर दिसेल. वस्तीबाहेर नागसेन मला अजून भेटायचाय. वस्तीतही तो थोडाच. सिद्धार्थ, राहुल, गौतम यांच्या पुढं तो कधी गेला नाही.

असं का झालं? मी विचार केला. मिलिंद या शब्दाला संस्कृतात दुसरा अर्थ आहे, भुंगा. कमळाभोवती फिरणारा. कवितेत चालतो, पत्रिकेत चालतो. ग्रीक राजा नि बौद्ध पोथी माहीत नसली तरी भुंगा आहेच आडोशाला. नागसेनाला असा आडोसा नाही. तो फक्त नागसेन आहे. त्याला घ्यायचं तर त्याच्या उत्तरासकट घ्यावं लागतं, नि ते उत्तर जन्मानं मोठं ठरलेल्याला परवडणारं नाही. आत कुणी कायमचा बसलेला नाही, असं म्हटलं की आतला ब्राह्मण कुठं ठेवायचा?

विचित्र न्याय बघा. ज्यानं नाव विचारलं तो गावभर फिरला. ज्यानं सांगितलं, नाव नुसतं नाव आहे, त्याचं नाव मात्र जातीची खूण होऊन बसलं.

आमच्या खात्यात बिहारचा एक कामगार आहे. पाटण्याच्या बाजूचा, म्हणजे जिथं नागसेन शिकला त्या मुलखाचा. त्याला महाराष्ट्रातल्या खुणा माहीत नाहीत. त्याला माझं नाव आवडलं. म्हणाला, ‘बढ़िया नाम है, राजाओं जैसा.’ मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी नाव नुसतं नाव म्हणून ऐकलं. दोन मिनिटं गेली असतील. बॉबिन काढता काढता त्यानं विचारलं, ‘आगे क्या लगाते हो?’

तिकडं असं विचारतात. पुढं काय लावता.

खोलीचं सांगायचं राहिलं. लग्न झाल्यावर गिरणीजवळ खोली बघत होतो. एका घरमालकाला फोनवर नाव नीट ऐकू आलं नाही. त्याला वाटलं ‘सेन’, म्हणजे कुणी बंगाली बाबू. या म्हणाला. गेलो. समोर पूर्ण नाव सांगितलं. ते नीट ऐकल्यावर त्याला आठवलं की खोली पुतण्याला द्यायची ठरलीय. त्या खोलीला पुढं चार महिने कुलूप होतं. रोज पाळीला जाताना मी ते बघत होतो.

हे बायकोला माहीत आहे. माझ्याबरोबर तीच उभी होती. म्हणून ती म्हणते, ‘अवो, पोराला आल्या आल्या कशाला डोक्यावर पाटी? एखादं साधं नाव ठेवू. आरव, विहान, कायबी. आधी माणसं त्येला बघू देत, मग जात बघू देत.’ तिचं बोलणं मला खोडता आलेलं नाही. ती भित्री नाही. दीक्षाभूमीला पोटुशी असताना गर्दीत उभी राहिलेली बाई आहे. तिचा हिशेब सरळ आहे. नावापायी खोली जाते, काम जातं, तर ती किंमत न जन्मलेल्यानं का द्यायची?

आमच्या ओळखीचे एक शिकलेले गृहस्थ आहेत, कविता वाचतात. त्यांच्याकडं हा विषय निघाला. ते हसून म्हणाले, ‘अहो, तुमचाच नागसेन सांगतो ना, नाव खरं नसतं म्हणून? मग एवढा आग्रह कशाला?’

या प्रश्नानं मला आठवडाभर झोप दिली नाही. उत्तर पुस्तकातच सापडलं, रथाच्या वादानंतर थोडं पुढं. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा कराल? नागसेन म्हणतो, पंडितांसारखी करणार असाल तर करीन, राजासारखी करणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याला गुंडाळतो, खोडतो, चूक दाखवतो, तरी कुणी रागावत नाही. राजे एक बाजू धरतात, नि जो ती मानत नाही त्याला शिक्षा द्या म्हणतात. मिलिंद राजा होता तरी त्यानं ही अट मान्य केली. मोठेपणा त्याचा तिथं.

म्हणजे ‘नाव नुसतं नाव’ हे वाक्य बरोबरीच्या बैठकीतलं आहे. दोघं एका पातळीवर बसले, विचारणाऱ्याच्या हातात दंड नसला, तरच ते खरं. घरमालक नाव विचारतो तेव्हा तो राजासारखा विचारतो. मुकादम विचारतो तेव्हा राजासारखा विचारतो. त्याच्या खिशात किल्ली असते, हजेरीचा कागद असतो. तिथं मी जर म्हणालो, नाव ही नुसती हाक मारायची सोय आहे हो, तर तो म्हणेल, छान, मग तुमचंच बदला. त्याला त्याचं नाव बदलायला कुणी सांगत नाही. नाव सोडा, हा उपदेश नेहमी आम्हालाच होतो. आधी केरू म्हणून घ्या म्हणाले. आम्ही ते टाकून नागसेन झालो, तर आता म्हणतात नावात काय आहे.

नावात काय आहे ते केरूला विचारा. साठ वर्षं त्याला कचऱ्याच्या नावानं हाक मारली गेली, नि मरताना त्यानं नातवाच्या नावात हत्तींची सेना उभी केली.

बायकोला मी हे सगळं सांगितलं. एकदम नाही, चार-पाच रात्री, पाळी बघून. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘ह्ये पुस्तकातलं झालं. शाळंत पोराला चिडवतील तवा तुम्ही रिंगवर असाल, मी असंन दारात.’ मी म्हणालो, खरं आहे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनंच विचारलं, ‘पोरगी झाली तर?’ मी पोरींची नावं सांगत गेलो. सुजाता, संघमित्रा, उत्पलवर्णा, पटाचारा. पटाचारेशी ती थांबली. म्हणाली, ही कोण? मी सांगितलं. नवरा, दोन्ही लेकरं, आईबाप एका फटक्यात गेले, वेडी होऊन हिंडली, नि पुढं भिक्षुणी होऊन इतर बायकांना शिकवायला लागली. बायको म्हणाली, ‘नाव अवघड हाय. पण बाई चांगली हाय.’

नाव अजून ठरलेलं नाही. मिलिंदासारखं सगळ्यांत मिसळणारं ठेवू, नाहीतर नागसेनासारखं वस्तीत राहिलेलं ठेवू. ते तिनं नि मी मिळून ठरवू, नि त्यात तिचा शब्द माझ्याइतकाच मोठा. दोघांचं एकच पक्कं झालंय. आज्याच्या आईनं मरणाच्या भयानं नाव ठेवलं, तिला दुसरा इलाज नव्हता. आम्ही घरमालकाच्या भयानं ठेवणार नाही. जे ठेवू ते आवडलं म्हणून ठेवू, नि विचारलं तर मोठ्यानं सांगू.